इंग्लंडमधल्या गल्लीतल्या पबात पहिल्यांदा जाताना

टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नका. बहुतेक ठिकाणी बारवर जाऊनच मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी कोण आधी आलं हे चांगल्या बारवाल्याच्या लक्षात असतं. तो चुकला तर “आधी यांचं” म्हणा. नेहमीची मंडळी लगेच बोलू लागतात. नोट हलवून बोलावणं मात्र उद्धटपणा.

पब कसा आहे ते बारवरच्या हातपंपांवरून, म्हणजे दांडा ओढून पिंपातली बिअर ग्लासात काढायच्या पंपांवरून कळतं. कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, पिंप उघडल्यावर साधारण ३ दिवसांत संपायला हवी. नंतर हवेमुळे ती आंबते. म्हणून रिकाम्या पबात ८ पंप दिसले तर सावध व्हा. दोनच पंप, पण खप जोरात, ते कधीही बरं. तापमान ११ ते १३ अंश हवं. फ्रिजसारखी गार नाही म्हणून तक्रार करू नका. पंपावरची बिअरच्या नावाची पाटी उलटी फिरवली असेल तर ती बिअर सध्या मिळणार नाही. आधी घोटभर चव मागता येते (गर्दीत चार-चार नकोत). पाइंट म्हणजे ५६८ मिली. जास्त वाटला तर अर्धा घ्या, कोणी हसत नाही.

व्हिनेगरसारखा वास आला तर दोन घोटांतच परत न्या, अर्धा ग्लास संपवून नव्हे. मालकाची खरी परीक्षा इथेच. चांगला माणूस वाद न घालता बदलून देतो. “ती अशीच असते” ऐकलंत, तर पुढच्या वेळी दुसरा पब शोधा.

जेवायचं असल्यास किचनची वेळ आधी विचारा, दुपारी बरीच बंद असतात. आणि कुणी तुम्हाला ग्लास पाजला, तर पुढची फेरी तुमची.