दार उघडं राहिलं पाहिजे

अगं पोरी,

काकूंच्या घरातल्या कुत्र्यांचा तो व्हिडिओ कुठेही टाकू नकोस. तुमच्या त्या प्राणीमित्रांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. बाकीचं पत्र नंतर वाच, आधी एवढं कर.

तुझी व्हॉइस नोट दोनदा ऐकली. नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडचं रो हाऊस, काकू एकट्या, त्या म्हणतात 18 कुत्री आणि तू मोजलीस 26, खालच्या खोलीत वर्तमानपत्रांचा लगदा झालाय, मुताच्या वासाने डोळे चुरचुरतात, सोसायटीने नोटीस लावलीय, आणि ग्रुपवर अर्धे म्हणतायत एफआयआर करा, अर्धे म्हणतायत टेम्पो आणून एका दिवसात सगळी उचला. आणि तू विचारतेस, ताई बरोबर कोण? कुणीच नाही. एवढ्या लोकांतून काकूंनी तुला एकटीला आत घेतलं ना, मग आज तुझ्या हातात तेवढंच आहे, ते उघडलेलं दार. ते बंद होईल असं काही करायचं नाही, समोरचा कितीही मुद्द्याचं बोलत असला तरी.

कायद्याचं सांगते, कारण तुला वाटतंय पोलीस आले की सुटलो. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम 11, पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हो, पन्नासच. आणि जप्त केलेली कुत्री केसचा मुद्देमाल होतात, कोर्टाला न विचारता परस्पर कुणाला देता येत नाहीत, तोवर 26 जणांना ठेवणार कुठे, तुझ्या हॉस्टेलवर? ठार मारणं, विष, हातपाय तोडणं असलं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे आणि मी स्वतः पोलीस स्टेशनला जाऊन बसते. इथे तसं नाहीये. इथे एक बाई स्वतः अर्धपोटी राहून कुकरभर भात कुत्र्यांना घालतेय आणि तिला ते आवरत नाहीये. डॉक्टर लोकांनी 2013 पासून आवरत नसताना साठवत राहण्याच्या या प्रकाराला वेगळा मानसिक आजार धरलंय, आपण अजून 'विकृत म्हातारी' म्हणून रील करतोय.

मला लोक म्हणतात तुम्ही अशांना पाठीशी घालता. घालते. एका घरी मी नको नको म्हणत असताना आपलीच मंडळी मोबाइल समोर धरून आत घुसली, लाइव्ह वगैरे. त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी कडीला कुलूप लावलं, फोन बंद. परत आत जायला मिळालं ते त्यांना दवाखान्यात हलवल्यावर, आणि तोपर्यंत आतल्या माद्या व्यायल्या होत्या, कुत्रीचा गाभण काळ जेमतेम 63 दिवसांचा, किती वेळ लागतो? व्हिडिओला लाइक भरपूर आले होते. त्या पिल्लांचं काय झालं ते मी तुला लिहिणार नाही. अजूनही त्यातले काही जण मला भेटले की म्हणतात निदान आम्ही आवाज तरी उठवला. उठवा बाबांनो. दार बंद झालं त्याचं काय?

आता काम. आधी कुत्रं बाहेर काढायचं नाही, आधी वाढ थांबवायची. नर वरच्या खोलीत, माद्या खाली, हे शनिवारीच कर. ऑपरेशनला आधी माद्या. सगळे म्हणतील नरांचं सोपं आणि स्वस्त, त्यांचं उरकून घेऊ, पण एक नर जरी सुटला तरी सगळ्या माद्यांना तो पुरतो, आणि ऑपरेशन झालेला नरसुद्धा पुढचे काही आठवडे मादीला गाभण करू शकतो. नसबंदी झाल्याशिवाय एकही दत्तक द्यायचं नाही, यावर माझ्याशी वाद घालू नकोस. पिल्लं तेवढी डॉक्टरांना विचारून.

फिनाईल ओतणं बंद कर, पार्व्होला, म्हणजे पिल्लं मारणाऱ्या त्या विषाणूला, फिनाईलने काही होत नाही. ब्लीच आण, 1 भागाला 30 भाग पाणी, आणि आधी घाण खरवडून काढ, घाणीवर ब्लीच ओतून उपयोग नाही. कुत्र्यांना दुसऱ्या खोलीत घालून खिडक्या उघडून मगच, मुताचा अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो.

कुणी सुचवेल ऑपरेशन करून गोदाकाठी सोडून द्या. 2023 चे एबीसी नियम, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम, म्हणतात भटकं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत. या घरात जन्मलेल्यांना एरियाच नाही, बाहेरची टोळी त्यांना फाडून ठेवेल. तू त्या तांबडीचे पाय बघितलेस का? कायम ओल्या कागदांवर राहिल्यामुळे नखं झिजलीच नाहीत, वळून पंजाच्या गादीत रुतलीयत. तिला जिना माहीत नाही. फरशीवर ठेवलं की चारी पाय फाकतात. तिला कुठे सोडणार तू, रामकुंडावर?

दत्तकाला घाई करू नकोस. दिंडोरी-निफाडकडून हमखास फोन येईल, द्राक्षबागेला राखणीला कुत्रं हवंय. माणसं चांगली असतात, पोटभर घालतात, पण ही कुत्री साखळीला बांधून अंधारात भुंकायच्या कामाची नाहीत, घाबरून पट्टा सोडवून पळाली की सापडत नाहीत. गंगापूर रोडवाल्यांना पांढरं पिल्लू हवं असतं. काळी मोठी कुत्री मागे राहतात, त्यांचे फोटो उन्हात काढ, डोळे दिसले पाहिजेत.

आणि सगळी न्यायची नाहीत. ऑपरेशन झालेली दोन म्हातारी कुत्री काकूंकडेच ठेवायची. घर पूर्ण रिकामं केलंस तर महिन्याभरात त्या रस्त्यावरून नवी उचलून आणतील आणि या वेळी तुलाही आत घेणार नाहीत. दोन ठेवलीस की दर आठवड्याला जायला निमित्त राहतं. ग्रुपला हे पटणार नाही. नको पटू दे.

जाताना त्यांच्यासाठी काहीतरी जेवायला ने. सगळे डॉग फूडची पोती घेऊन जातात.

डॉक्टरांचं मी बघते, पैशाचंही बघू. तू फक्त लेखी संमती घे, कारण कुत्री त्यांची आहेत आणि उद्या कुणी भडकवलं तर 'चोरून नेली' व्हायला वेळ लागत नाही. एका कुत्र्याला एक कागद, नाव, रंग, नर का मादी, खाली सही. 26 चा गठ्ठा पुढे केलास तर संपलं. पहिल्या खेपेला दोनच कागद ने, तांबडीचा आणि आणखी एका मादीचा.

ताई