गेल्या वर्षीची यार्ड बघून रनिंग बॅक ओळखता येत नाही

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीला नवीन आलोय, ऑफिसात सगळे जायंट्सवाले आहेत (न्यूयॉर्क जायंट्स, अमेरिकन फुटबॉलची टीम), तर २०२५ च्या सीझनआधी टीमचे रनिंग बॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन पळणारे, कसे आहेत हे कसं ओळखायचं, आणि गेल्या वर्षीची यार्ड, म्हणजे पळून काढलेलं अंतर, बघितली तर चालेल का. नाही चालणार. याच एका गोष्टीवरून आमच्या घरात दोन वर्षं वाद चाललाय, म्हणून सविस्तर लिहितो.

१२ नोव्हेंबर २०२३. लक्ष्मीपूजन रविवारी आलं होतं. माझे साडू फिलाडेल्फियाजवळ एक्सटनला राहतात, कट्टर ईगल्सवाले, म्हणजे फिलाडेल्फियाच्या टीमचे. आम्ही एडिसनहून त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. टीव्हीवर जायंट्स डॅलसमध्ये खेळत होते. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, होता टॉमी डेव्हिटो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणीच घेतलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. मध्यंतराला २८-० मागे, शेवटी ४९-१७ हरलो. आमचा रनिंग बॅक सेक्वान बार्कली, त्याच्या हातात बॉल पडायचा आणि दोन पावलांत कुणीतरी अंगावर यायचं. मी म्हणालो, पुढे वाट करून देणारी लाइनच नाही, तो एकटा काय करणार? साडूंनी चकली मोडता मोडता सांगून टाकलं, "नाचता येईना अंगण वाकडं. संपला तो, भाऊ. सव्विसाव्या वर्षी रनिंग बॅक म्हातारा होतो." सगळे हसले. माझी मुलगी त्याचीच २६ नंबरची जर्सी घालून समोर बसली होती. ती हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्याकडे फक्त मत होतं. घरी येऊन वही काढली. त्या सीझनच्या मॅच रेकॉर्ड केलेल्या होत्या. रोज रात्री जेवणं झाली की बसायचो, त्याची एकेक धाव थांबवून थांबवून बघायचो आणि दोनच गोष्टी लिहायचो. पहिला हात त्याला कुठे लागला, खेळी जिथून सुरू होते त्या रेषेच्या मागे, रेषेवर की पुढे? आणि हात लागल्यावर तो किती गेला?

एक धाव अजून डोळ्यांसमोर आहे. बॉल पोटाशी बसतोय न बसतोय तोच लाइनमधल्या गार्डच्या खांद्यावरून एक हात आत आलाय. बार्कली डावा पाय रोवतो, उजवा खांदा आत ओढतो, तो हात पाठीवरून घसरून जातो. मग दोघांना अंगावर घेऊन पुढे पडतो. नोंद झाली २ यार्ड. रेषेच्या २ यार्ड मागे त्याला गाठलं होतं, म्हणजे तो स्वतःच्या जिवावर ४ यार्ड गेला होता. ते चार कुठल्याच पेपरात छापून आले नाहीत. माझ्या वहीत "मागे" हा शब्द इतका यायला लागला की मी नुसतं "मा" लिहायला लागलो.

त्या वर्षी त्याच लाइनने ८५ सॅक दिले होते, म्हणजे क्वार्टरबॅकला तितक्या वेळा बॉल फेकायच्या आत पाडू दिलं होतं. लीगच्या इतिहासात एका सीझनमध्ये याहून जास्त फक्त एकदाच दिले गेलेत. लाइनच्या डाव्या टोकाचा, लेफ्ट टॅकल अँड्र्यू थॉमस सात मॅच बाहेर होता. बार्कलीचा स्वतःचा घोटा दुखावला होता, तोही तीन मॅच बाहेर. हे सगळं धरून २४७ धावांत ९६२ यार्ड, सरासरी ३.९. आणि लोक तो ३.९ नाचवून सांगत होते की हा संपला. अंगण खरंच वाकडं होतं हो.

मार्च २०२४ मध्ये जायंट्सनी त्याला जाऊ दिलं आणि ईगल्सनी तीन वर्षांसाठी सुमारे पावणेचार कोटी डॉलरवर घेतलं. साडूंचा फोन आला, "तुमचा म्हातारा आमच्या गळ्यात." मी वहीतली पानं फोटो काढून पाठवली. त्यांनी बघितली नाहीत.

२० ऑक्टोबर २०२४ ला ईगल्स मेटलाइफवर, जायंट्सच्या मैदानावर, आले. आम्ही तिघे गेलो होतो, मी, मुलगी आणि साडू. मुलीने तीच जुनी निळी जर्सी घातली होती. बार्कलीला बॉल मिळाला की आख्खं स्टेडियम हुर्यो करायचं. त्याने १७ धावांत १७६ यार्ड काढली, आम्ही २८-३ हरलो. मी मात्र त्याच्या पायांकडे बघत होतो. तो पाय रोवणं, तो खांदा आत घेणं, सगळं तेच होतं. फक्त पहिला हात आता पाच-सहा यार्ड पुढे गेल्यावर लागत होता.

पुढचं तुम्हाला ऑफिसात ऐकायला मिळेलच. सीझनमध्ये २,००५ यार्ड, सरासरी ५.८, प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद मॅच) धरून २,५०४, टेरेल डेव्हिसचा १९९८ चा विक्रम मोडला, आणि स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकला. तेव्हापासून साडू म्हणतात, "माणूसच तसा आहे, आम्ही ओळखला." माझा राग याच वाक्यावर आहे. ३.९ होता तेव्हा सगळा दोष माणसाचा, ५.८ झाला की सगळं श्रेयही माणसाचंच. एकाच चुकीच्या पट्टीने दोनदा मापलं. ईगल्सच्या लाइनमध्ये त्याच्या पुढे जॉर्डन मायलाटा उभा होता, सहा फूट आठ इंच, साडेतीनशे पौंडांच्या वर. दुसऱ्या टोकाला लेन जॉन्सन. त्यांना शिकवणारा जेफ स्टाउटलंड. त्यांची नावं साडूंच्या तोंडी मी कधी ऐकली नाहीत.

आता तुमचं. आधी लाइन बघा, मग रनिंग बॅक. थॉमस २०२४ मध्ये सहाच मॅच खेळला, पायाच्या दुखापतीतून परत येतोय. तो उभा राहतो की नाही, यावर जायंट्सच्या रनिंग बॅकची, टायरोन ट्रेसीची, निम्मी यार्ड ठरतील. ट्रेसी कॉलेजात आधी वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, होता, २०२४ मध्ये ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतून आला आणि ८३९ यार्ड काढली. पिट्सबर्गला १४५ काढली तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. पण म्युनिकला पँथर्सविरुद्ध ओव्हरटाइमच्या पहिल्याच खेळीत बॉल सोडला आणि मॅच गेली. म्हणून सीझनआधीच्या सराव कॅम्पमध्ये त्याचा बॉल धरलेला हात बघा, कोपर अंगाला चिकटलेलं आहे की सुटलंय.

२०२५ मध्ये चौथ्या फेरीतून आलेला कॅम स्कॅटबो मला फार आवडतो. पीच बोल या कॉलेजच्या मॅचमध्ये टेक्ससविरुद्ध १४३ यार्ड धावला आणि वर एक टचडाउन पास फेकला. धडकल्यावर पुढे पडणारा मुलगा आहे, वाकड्या अंगणात असाच लागतो. तिसरा रनिंग बॅक डेव्हिन सिंगलटरी अनुभवी आहे, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची धाड) अडवतो, कोचला असा एक हवाच असतो.

कॅम्पचे पहिले दिवस अंगावर पॅड नसतात. त्या दिवसांत रनिंग बॅकबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी सोडून द्या. पॅड चढले की लाइनबॅकरला, म्हणजे बचावातल्या धडक मारत येणाऱ्याला, अडवण्याचा सराव बघा. तिथे जो हरतो त्याला तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, उभं करत नाहीत. प्रीसीझनच्या सराव मॅचमधली यार्ड मोजताना समोर कोण होतं ते बघा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ज्यांना चुकवून पळतात, त्यातले बरेच जण नव्वद जणांची टीम त्रेपन्नवर आणतात तेव्हा घरी जातात.

साडूंचं म्हणणं की बार्कली २०२५ मध्ये परत दोन हजार यार्ड करणार. आजवर नऊ जणांनी एका सीझनमध्ये दोन हजार केलेत, दुसऱ्यांदा कुणालाही जमलेलं नाही. डेव्हिस पुढच्या वर्षी चार मॅच खेळून गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. जमाल लुईस २,०६६ वरून १,००६ वर आला. डेरिक हेन्रीचा पाय आठ मॅचनंतर मोडला. बार्कलीने २०२४ च्या सीझनमध्ये प्लेऑफ धरून ४३६ वेळा बॉल घेऊन धडका खाल्ल्यात. मला तो संपलेला नको आहे, मुलीची जर्सी अजून कपाटात आहे. पण यंदा त्याची यार्ड कमी झाली तर हेच साडू परत "संपला" म्हणतील, तेव्हा कोणी लाइनकडे बघणार आहे का?

माझ्या वहीचंही सांगून ठेवतो. टीव्हीच्या बाजूच्या कॅमेऱ्यातून पहिला हात नेमका कुठे लागला हे दर वेळी दिसत नाही, काही ठिकाणी मी अंदाज केलाय. आणि २०२३ मध्ये बार्कलीही काही वेळा समोरची अरुंद जागा सोडून उगाच बाहेर पळाला, ते त्याच्याच नावावर लिहिलंय. शिवाय पैशांचा हिशेब वेगळा. तेव्हा जायंट्सनी त्याला सोडलं हे चूकच होतं असं नुसत्या वहीवरून म्हणता येत नाही, मी मात्र म्हणतो.

२६ ऑगस्ट २०२५ ला दुपारी चारला अंतिम यादी लागेल, त्रेपन्नात किती रनिंग बॅक ठेवलेत ते तुम्हीही बघा. २७ ला गणपती, साडू आमच्याकडे येणार आहेत. वही या वेळी फोटो न काढता टेबलावरच ठेवतोय, आरती झाली की समोर बसून पहिलं पान त्यांच्याकडूनच वाचून घेणार.