वाफा, घाम आणि अवेळी अंगावर जाणं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय 47. वर्षभर पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांत येते. दिवसातनं चार-पाचदा छातीतनं डोक्यापर्यंत वाफा उसळतात, घाम फुटतो, मग अंग गार पडतं. रात्री गाऊन बदलावा लागतो. घरचे म्हणतात, बीपी असेल. (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: ताई, हे वर्णन पाळी जायच्या काळातल्या वाफांचंच आहे. अंडाशयातलं इस्ट्रोजेन खाली-वर व्हायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंगातली जराशी उष्णताही त्याला जास्त वाटते, मग ते रक्त कातडीकडे ढकलतं आणि घाम सोडतं. एक वाफ साधारण एक ते पाच मिनिटं टिकते. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते, त्यामुळे वयही जुळतं. सलग 12 महिने आली नाही, की मगच ती गेली असं धरायचं. तोवर दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधन सोडू नका.

तरीही बीपी मोजाच, सोबत टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या. थायरॉईड वाढला तरी असाच घाम येतो, धडधड होते. एफएसएच या पाळीशी संबंधित हार्मोनची तपासणी मात्र या वयात बहुधा लागत नाही. तो आकडा सारखा बदलतो, त्यावर पैसे घालवू नका.

दोन आठवडे वहीत लिहा: वाफ किती वाजता आली, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. कुणाला कडक चहानंतर येते, कुणाला झणझणीत रश्श्यानंतर. तुमच्या वहीत तांबडा रस्सा दिसला नाही, तर तो सोडायचं काही कारण नाही. रात्री जाड वाकळेऐवजी दोन पातळ चादरी घ्या, म्हणजे एक झटकन बाजूला करता येते. सुती गाऊन आणि टॉवेल उशाशीच ठेवा, दिवा लावून कपाट उघडलं की झोप पुरती मोडते.

एवढं करूनही झोप होत नसेल तर सोसत बसू नका. हार्मोनच्या गोळ्या किंवा जेल हा वाफांवरचा सगळ्यात गुणकारी उपाय आहे, आणि साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केला तर बहुतेकींना चालतो. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, लिव्हरचा आजार झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अशांसाठी बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत.

प्रश्न: वय 54. पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात दोन दिवस थोडं अंगावर गेलं. शेजारणी म्हणतात, उष्णता झाली, सब्जा खा. (एक वाचक, उचगाव)

उत्तर: सब्जा खुशाल खा, पण याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पाळी गेल्यावर पडलेला एक डागसुद्धा तपासायचाच असतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: योनीची पातळ झालेली त्वचा किंवा पिशवीतला लहानसा कोंब (पॉलिप). पण अशा दहाजणींतल्या साधारण एकीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो, आणि तो लवकर सापडला तर बहुधा बरा होतो. आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. 4 मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा तपासायला घेतात. सोनोग्राफी चांगली आली आणि पुन्हा डाग पडला, तर पुन्हा जा. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. जाताना शेवटच्या पाळीचा अंदाजे महिना, डागाची तारीख आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, बरोबर न्या.

प्रश्न: वय 43. पाळीत फार जातं, दहा-दहा दिवस. ‘पिशवी काढून टाक, कटकट जाईल’ असं जाऊबाई म्हणतात. (एक वाचक, कागल)

उत्तर: हा सल्ला गावोगाव इतक्या सहज दिला जातो, की वाईट वाटतं. आधी कारण शोधा: हिमोग्लोबिन, टीएसएच, सोनोग्राफी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा. मोठी गाठ किंवा कॅन्सर नसेल, तर पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी यांनी पुष्कळजणींचं भागतं. ऑपरेशन ठरलंच, तर एकच प्रश्न ठामपणे विचारा: ‘अंडाशय ठेवणार ना?’ तीही काढली तर या वयात पाळी एकदम गेल्यासारखं होतं. वाफा जोरात येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ताशी एक पॅड भिजत असेल, सलग दोन-तीन तास, किंवा चक्कर येत असेल, तर तेव्हाच दवाखाना गाठा.

प्रश्न: शिंकलं, खोकलं की लघवी सुटते. वय 51. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: वारा सरू नये म्हणून जो स्नायू आवळतो, तोच आवळा: पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू ठेवा. फरक पडायला तीन महिने लागतात. लघवीला जळजळ असेल तर मात्र आधी लघवी तपासून घ्या.