सुळे नसलेले व्हॅम्पायर

प्रश्न : मुलीने आग्रह केला म्हणून 'निअर डार्क' (१९८७) पाहिला. व्हॅम्पायरचा सिनेमा म्हणे, पण सुळे नाहीत, वटवाघूळ नाही, लसूण नाही. पैसे कमी पडले होते का? आणि त्यातली ती व्हॅम्पायर मुलगी, मे, नायक केलेबवर खरंच प्रेम करते की नुसती नादी लावते?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पैसे कमी होतेच. ५० लाख डॉलर म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. पण सुळे गेले ते त्यापायी नाही. दिग्दर्शिका कॅथरिन बिगेलोला मुळात वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा, करायचा होता आणि तेव्हा वेस्टर्नला कुणी पैसा लावेना. मग तिने आणि सहलेखक एरिक रेडने त्यात व्हॅम्पायर घुसवले. अख्ख्या सिनेमात तो शब्द मात्र कुणी उच्चारत नाही! वाडा नाही, झगा नाही. धुळीने माखलेली, बंद गाडीतून गावोगाव भटकणारी टोळी आहे.

पोलिसांच्या गोळीबाराचा प्रसंग आठवा. गोळ्यांनी यांचं काही बिघडत नाही. पण लाकडी भिंतीला भोक पडलं की उन्हाची तिरीप आत येते, आणि ती अंगावर पडली की चर्र! भोकं, धूर आणि दिवे, एवढ्यावर भागवलंय. मी हे पहिल्यांदा सोलापुरात, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिलं. कॅसेट इतकी घासलेली की निम्मा सिनेमा काळोखात गेला, तिरिपी तेवढ्या लख्ख. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पत्र्याला पडलेल्या खिळ्याच्या भोकातून ऊन पायावर आलं आणि मी पाय मागे घेतला.

आता मे. केलेबला कुणाचा जीव घेववत नाही, म्हणून ती शिकार करते आणि आपलं मनगट त्याच्यापुढे धरते. मागे तेलविहिरीचा पंप संथपणे वरखाली होतोय, हा पितोय, आणि शेवटी तिला त्याला ढकलावं लागतं, कारण तो थांबला नाही तर तीच मरेल. नादी लावणारी बाई एवढं करत नाही. पण आधी चावून त्याला व्हॅम्पायर करताना तिने त्याला विचारलं होतं कुठे?

शेवट मला आजही पचत नाही. केलेबचे वडील जनावरांचे डॉक्टर. ते पोराला स्वतःचं रक्त चढवतात आणि पोरगा ठणठणीत! मग तोच उपाय मेवर. ताऱ्याचा प्रकाश इथे पोचेल तेव्हाही मी असेन, असं सांगणारी ही मुलगी, शेवटी उन्हात घाबरून उभी. तिलाही कुणी विचारलेलं दिसत नाही. फिटंफाट म्हणा हवं तर.

प्रश्न : 'निअर डार्क'मध्ये बारमधला तो खिदळत माणसं मारणारा नट कोण?
— दुसरे एक वाचक, नाशिक

उत्तर : बिल पॅक्स्टन. तो आणि याच टोळीतले लान्स हेन्रिक्सन व जेनेट गोल्डस्टीन, तिघंही आदल्याच वर्षीच्या 'एलियन्स'मध्ये होते. बुटांच्या टाचांना लावलेल्या काट्यांनी तो काय करतो ते मात्र जेवताना पाहू नका.