एनएचएस-ॲक्टिव्हेटेड ॲगॅरोजवर (प्रोटीन पक्कं जोडून घेणारं रेझिन) अँटिबॉडी जोडल्यावर वरच्या द्रावणाचं 280 नॅनोमीटरचं रीडिंग (प्रोटीन किती आहे याचा अंदाज देणारं प्रकाशशोषण) वाढलं. कपलिंग, म्हणजे ही जोडणी, फसलं का? रेझिन टाकून सीएनबीआरवालं (सायनोजेन ब्रोमाइडने तयार केलेलं) मागवू का?

टाकू नका. गाईडनी सांगितलं असलं तरी नका टाकू.

जरा हिशेब करा. समजा तुमची सगळी अँटिबॉडी रेझिनला न चिकटता वरच राहिली, एक रेणूही जोडला गेला नाही. तरी रीडिंग सुरुवातीइतकंच यायला हवं. तुम्ही लिहिलंय की ते सुरुवातीपेक्षा जास्त आलं. हे जास्तीचं प्रोटीन कुठून येणार?

ते प्रोटीन नाहीच. रेझिनवरच्या एनएचएस एस्टरने प्रोटीनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाचा अमाइन पकडला की एन-हायड्रॉक्सीसक्सिनिमाइड (म्हणजेच एनएचएस) सुटून द्रावणात उतरतं, आणि ते 260 ते 280 नॅनोमीटरच्या पट्ट्यात जोरदार शोषण दाखवतं. म्हणजे तुम्ही जे मोजलंत ते बहुतांशी हेच. पूर्ण स्कॅन काढलात तर शिखर 280 ला नाही, 260 च्या बाजूला सरकलेलं दिसेल.

यावरून आमच्याकडे एकदा महाभारत झालं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी प्रोजेक्टवर होते. सशाच्या सीरममधून काढलेली अँटिबॉडी थोडीच होती आणि ती मिळवायला महिने गेले होते. कपलिंग केलं, सरांनी वरच्या द्रावणाचं 280 घेतलं आणि पाच मिनिटांत निकाल दिला: काही जोडलं गेलं नाही, रेझिन बाद, कॉलम (ते रेझिन भरलेली नळी) फेका. कॉलमवर अँटिजेन (ही अँटिबॉडी ज्याला धरते ते) घालून बघू म्हटलं तर म्हणाले, "अँटिजेन काय फुकट येतं का?" मी कॉलम फेकला नाही. रेझिनवरच्या उरलेल्या जागा ब्लॉक करून, 20 टक्के इथेनॉलमध्ये ठेवून कोल्ड रूमच्या मागच्या रॅकवर सरकवला.

मग त्याच बाटलीतलं थोडं रेझिन तसंच धुतलं आणि त्यावर नुसता बायकार्बोनेट बफर घातला. प्रोटीन शून्य. तेवढाच वेळ फिरवलं, रेझिन खाली बसू दिलं आणि वरचं पाणी क्युव्हेटमध्ये घेऊन सरांच्या समोर स्पेक्ट्रोत ठेवलं. आकडा झपकन वर गेला. एस्टर पाण्यानेही तुटतोच, आणि तुटला की तोच तुकडा सुटतो. शेजारी ब्रॅडफर्डच्या (प्रोटीन असेल तर रंग निळा होणारी चाचणी) नळ्या लावल्या होत्या: कपलिंगच्या आधीच्या द्रावणाची गडद निळी, नंतरच्याची जवळजवळ मूळ तपकिरी. सर म्हणाले, "ब्रॅडफर्डवर माझा विश्वास नाही."

त्यांचा विश्वास कशावर होता ते मला नंतर कळलं. त्यांची सगळी पिढी सीएनबीआरवर शिकलेली. ॲक्सेन, पोराथ आणि एर्नबाक यांनी 1967 मध्ये ती पद्धत दिली, पुढच्याच वर्षी क्वात्रेकासास, विल्चेक आणि अँफिन्सेन यांनी तिच्यावर ॲफिनिटी क्रोमॅटोग्राफी (हवा तो रेणू धरून वेगळा काढायची पद्धत) उभी केली. सीएनबीआरच्या रसायनात 280 ला दिसणारं काही सुटत नाही, त्यामुळे तिथे आधीचं वजा नंतरचं हा हिशेब चोख बसतो. तीच सवय दुसऱ्या रसायनाला लावली की चांगला कॉलम कचऱ्यात जातो. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ही सूचना बहुतेक वेळा असते. ते पत्रक वाचायची तसदी घ्या, एवढंच मी तेव्हाही म्हणत होते.

कॉलमचं पुढे काय झालं विचाराल, तर मी तो चालवला. ग्लायसीनने उतरवलेल्या फ्रॅक्शनमध्ये जेलवर अँटिजेनचा स्वच्छ, एकटा पट्टा आला. तरी पुढच्या ऑर्डरमध्ये सीएनबीआरच आलं आणि "एनएचएस आपल्याकडे चालत नाही" हे वाक्य त्या लॅबमध्ये कायमचं बसलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: सीएनबीआर वाईट नाही, पण त्याचा आयसोयुरिया बंध हळूहळू सुटतो आणि लिगँड (इथे अँटिबॉडी) गळतो. शिवाय त्या बंधावर धन भार असतो, त्यामुळे भलतीच प्रोटीनं चिकटतात. एनएचएसचा अमाइड बंध पक्का. अँटिबॉडी मोलाची असेल तर मी एनएचएसच घेईन.

आणि कपलिंगच्या टक्केवारीचा एवढा बाऊ करू नका. 95 टक्के जोडली गेली आणि त्यातली अर्धी अँटिजेन धरायच्या टोकाने रेझिनला चिकटून बसली, तर त्या टक्क्यांचं करायचं काय? मिलीलिटरला जास्तीत जास्त प्रोटीन कोंबण्याचा हट्टही तसलाच. थोडं अँटिजेन घालून कॉलम किती पकडतो ते मोजा. बाकी सगळे अंदाज.

आता एक गोष्ट, जी तुम्ही लिहिलेली नाही. कपलिंग खरंच फसलेलं असूनही 280 चं रीडिंग असंच वाढू शकतं. अँटिबॉडी प्रोटीन ए कॉलमवरून (अँटिबॉडी शुद्ध करायचा कॉलम) ग्लायसीनने उतरवून ट्रिस बफरने न्यूट्रल केली होती का? तशीच घातली असेल तर दोन्हींचे अमाइन आधी रेझिन खाऊन टाकतात. डायलिसिस करून ट्रिस आणि ग्लायसीन पूर्ण काढायलाच हवेत. अँटिबॉडी विकतची असेल तर लेबल बघा, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रोटीन) घातलेलं असेल तर तेही जोडलं जातं आणि ब्रॅडफर्डलाही फसवतं. रेझिन थंड 1 मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर रेंगाळला असाल तरी गडबड होते: पीएच 8.6 ला 4 अंशांवरसुद्धा एनएचएस एस्टरचं अर्धायुष्य जेमतेम 10 मिनिटांचं असतं. बीएसए सोडून यातलं काही झालं असेल तर ब्रॅडफर्डची नळी निळीच राहील. मग गाईडचं म्हणणं बरोबर निघेल, पण रेझिनचा दोष तरीही नसेल. ब्रॅडफर्ड आजच लावा, वरचं द्रावण अजून टाकलं नसेल तर.