पाचवी आज्ञा शिकवणाऱ्या नव्या ताईंना

ताई, येत्या रविवारी तुम्ही संडे स्कूलला पाचवी आज्ञा, म्हणजे आईबापांचा मान राख ही, घेणार, म्हणून लिहिते. मिरजेत मी हा वर्ग बरीच वर्षं घेतला. आधी ती आज्ञा, बायबलमधलं निर्गम 20:12, पाठ करून घ्यायचे. मुलं घडाघडा म्हणायची आणि घरी आईला उलट बोलायची.

मग मी लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायापासून सुरू करू लागले. 12 वर्षांचा येशू मंदिरात गुरूंमध्ये बसलेला, आईबाप कासावीस होऊन शोधताहेत. त्याचं म्हणणं त्यांना कळलंही नाही, तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. देवाचा पुत्र सुताराच्या घरात ऐकून राहतो, हे मुलांना भिडतं.

मालगावकडून एक मुलगा यायचा. वडील द्राक्षबागेत फवारणी करून तसेच न्यायला यायचे. कपड्यांना औषधाचा वास, म्हणून हा दोन पावलं लांब चालायचा. त्या धड्यानंतरच्या रविवारी तो धावत गेला आणि वडिलांच्या हातातली पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. मान राखणं मी त्या दिवशी पाहिलं.

पौलाने लिहिलेल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातही मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहा म्हटलंय, पण तो पहिल्या तीन वचनांवर थांबवू नका. चौथं वचन बापांसाठी आहे: मुलांना चिडीस आणू नका. आणि पौल ‘प्रभूमध्ये’ आज्ञेत राहा म्हणतो. खोटं बोलायला लावलं तर ते ऐकणं यात बसत नाही. एखादं मूल मार खाऊन आलं असेल, तर आज्ञा बाजूला ठेवा, त्याला जवळ बसवा आणि चर्चच्या पाळकांना सांगा.