डिस्कची ‘क्षमता’ की ‘साठवणक्षमता’?

प्रश्न असा : कंपनीच्या सर्व्हरसाठी नव्या डिस्क घ्यायच्या आहेत आणि प्रस्ताव मराठीत लिहायचा आहे. ‘कपॅसिटी’ला क्षमता म्हणावं, साठवणक्षमता की धारणक्षमता? आणि ‘कपॅसिटी प्लॅनिंग’ला ‘क्षमता नियोजन’ चालेल का?

नुसती ‘क्षमता’ नको. ‘सर्व्हरची क्षमता वाढवावी’ हे वाक्य खरेदी विभागात गेलं की कुणी प्रोसेसर समजेल, कुणी रॅम. ‘धारणक्षमता’ चूक नाही, पण तो शब्द शेतीकडे रुळलाय; जमिनीची जलधारणक्षमता आठवते. ‘साठवणक्षमता’ घ्या. धरणांच्या बातम्यांमुळे तो सगळ्यांच्या कानावरचा आहे.

त्याच बातम्यांतून आणखी एक जोडी उचलता येईल : एकूण आणि उपयुक्त. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ हून अधिक मृतसाठ्यात जातं. उपयुक्त साठा उरतो ५३च्या आसपास, म्हणून उन्हाळ्यात उजनी ‘उणे’ टक्क्यांत गेल्याचं आपण वाचतो. कोटेशनमध्ये छापलेली असते ती एकूण साठवणक्षमता. वापरायला मिळते ती उपयुक्त. प्रस्तावात हे दोन आकडे वेगळे दाखवायलाच हवेत.

समजा ४ टीबीच्या (टेराबाइटच्या) ८ डिस्क घेतल्या. एकूण ३२ टीबी. एक डिस्क हॉट स्पेअर म्हणून बाजूला काढली. (हिला ‘राखीव’ म्हणा, ‘मृत’ नको; दुसरी डिस्क मेली की हीच कामाला येते.) उरलेल्या ७ डिस्कवर रेड-६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी) लावलं, तर २ डिस्कएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेला डेटा पुन्हा उभा करायच्या माहितीत जाते. राहिले २० टीबी. ते विंडोजच्या पडद्यावर साधारण १८.२ दिसतात, कारण डिस्क बनवणारे टीबी मोजतात १०००च्या पटीत आणि विंडोज १०२४च्या. या दुसऱ्या मापाला १९९८मध्ये ‘टेबीबाइट’ असं वेगळं नाव मिळालं, पण विंडोज अजून टीबीच लिहितं. त्यातली २० टक्के जागा मोकळी ठेवायचं ठरवलं, तर हाती साडेचौदा. ३२ची ऑर्डर आणि साडेचौदाचा वापर हे साहेबांना आधीच सांगितलेलं बरं.

आता ‘क्षमता नियोजन’. कारखान्यात ते उत्पादनाच्या संदर्भात बोललं जातं, त्यामुळे शीर्षकात ‘साठवणक्षमतेचं नियोजन’ लिहावं. मजकुरात मात्र मला ‘पुरणे’ हे क्रियापद जास्त आवडतं. प्रश्न शेवटी एवढाच असतो, किती दिवस पुरेल? पडद्यावरच्याच मापाने आज ९ टीबी डेटा असेल आणि दरवर्षी २ची भर पडत असेल, तर वरची व्यवस्था पावणेतीन वर्षं पुरेल. ‘जुनं उडवू’ म्हणून भागत नाही; कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. ‘साठा’ हा शब्द या भरलेल्या डेटासाठी राखून ठेवा : साठवणक्षमता डिस्कची, साठा डेटाचा. उरलेली ती ‘शिल्लक जागा’.

बोलताना आपण सर्रास ‘मोबाइलची मेमरी फुल झाली’ म्हणतो. प्रस्तावात ‘मेमरी’ फक्त रॅमसाठी वापरा, नाहीतर डिस्कऐवजी रॅमचं कोटेशन येईल.